साठ मिलीसेकंदांचा पेपर: कौतुक कुठे करायचं आणि कुठे थांबायचं

पेपर 'क्रिटिकली' वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज एकच पेपर घेऊन बघू. चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचं, याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. त्यावरचा क्रिस्टोफर क्लार्क आणि सहकाऱ्यांचा पेपर २००५ च्या एनएसडीआय परिषदेत आला. माणसं केंब्रिज आणि कोपनहेगन विद्यापीठांतली, हायपरव्हायजर झेन. या विषयात नाव नोंदवायचं असेल तर हा पेपर चुकवता येत नाही. पण त्याचा जेवढा उल्लेख होतो तेवढं वाचन होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही फक्त सारांश वाचून तो टाकला होता. गाइडनी दोन प्रश्नांत ओळखलं.

आधी कल्पना समजून घ्या. मी हे कामठ्याला घरी बसून लिहितोय, रोवणीचे दिवस आहेत, तेव्हा उदाहरण बांधीचंच देतो. एका बांधीतलं पाणी पंपानं दुसरीकडे न्यायचंय आणि वरून पाऊस चालू आहे. पंपाचा जोर पावसापेक्षा जास्त असेल तर पाणी उतरत जाईल. पाऊस जास्त असेल तर रात्रभर पंप चालवा, बांधी तशीच भरलेली. मेमरीचं असंच आहे. मशीन चालू ठेवून सगळी पानं पलीकडे पाठवायची. तेवढ्यात ज्या पानांवर नव्यानं लिहिलं गेलं ती पुन्हा पाठवायची, मग पुन्हा. थोडी उरली की मशीन क्षणभर थांबवून उरलेलं न्यायचं आणि पलीकडे सुरू करायचं. म्हणजे शेवटी इथे पाऊस थोडा वेळ थांबवता येतो, एवढाच फरक. याला प्री-कॉपी म्हणतात. ही युक्ती त्यांची स्वतःची नाही. १९८५ मध्ये व्ही सिस्टिममध्ये प्रोसेस हलवायला ती वापरली होती, आणि लेखक तसं सांगतातही.

मग त्यांचं काम कोणतं? त्यांनी पाऊस मोजला. कोणता प्रोग्राम किती वेगानं पानं 'डर्टी' करतो हे त्यांनी आधी पाहिलं आणि मग पंपाचा वेग त्यानुसार फेरीगणिक वाढवत नेला. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

आता आकडे. सारांशात ६० मिलीसेकंद येतात, आणि पुढे प्रत्येकाच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तेच. पण मूळ वाक्य 'इतका कमी' असं आहे, 'इतका' नव्हे. हे ६० मिलीसेकंद क्वेक ३ गेमच्या सर्व्हरचे: मेमरी ६४ एमबी, खेळाडू सहा. त्याच पेपरात ८०० एमबीच्या साध्या वेब सर्व्हरला १६५ मिलीसेकंद लागले, स्पेकवेब९९ या जड चाचणीत २१०. आणि मुद्दाम सतत मेमरीवर लिहीत राहणारा एक प्रोग्राम त्यांनी स्वतःच बनवून चालवला, तिथे मशीन साडेतीन सेकंद थांबलं. स्वतःची पद्धत कुठे मोडते हे त्यांनी स्वतःच दाखवलंय. आपल्यापैकी किती जण प्रबंधात असा तक्ता घालतील? मी नसता घातला.

मग अडायचं कुठे? गृहीतकांपाशी. डिस्क हलवावी लागत नाही, कारण ती नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर आहे. दोन्ही सर्व्हर एकाच लॅनमध्ये. दोन्हीकडे तोच हायपरव्हायजर. लेखक हे लपवत नाहीत, लोकल डिस्क आणि लांब पल्ल्याचं नेटवर्क त्यांनी 'पुढील कामा'त ठेवलंय. पण आज मायग्रेशन म्हणून जे चाललंय ते बहुतांशी या चौकटीबाहेरचं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, आणि अनेक संस्था प्रॉक्समॉक्ससारख्या केव्हीएमवर चालणाऱ्या पर्यायांकडे निघाल्या. इथे हायपरव्हायजरच बदलतो. पानं पाठवून भागत नाही.

हे मी स्वतःच्या हातानं केलंय. लॅबमधली काही मशीन ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर नेली, तीही कामठ्यातून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. मशीन बंद केलं, डिस्कचा फॉरमॅट बदलला, सुरू केलं. सुरू झालंही. पण नेटवर्कवर दिसेना. पलीकडे नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं, इकडे ते ईएनएस१८ झालं, आणि आयपीची सेटिंग जुन्या नावाला बांधलेली. मी एसएसएच मारत बसलो. कन्सोल उघडून बघावं हे सुचायला दीड तास गेला. विंडोजच्या मशीनला तर निळा स्क्रीन आला, कारण नव्या डिस्क कंट्रोलरचा व्हर्टआयओ ड्रायव्हर आधी टाकायला हवा होता. एकूण डाउनटाइम पाऊण दिवस. त्या सर्व्हरवर एका ज्युनिअरचा सर्व्हे चालू होता. तिच्या त्या दिवसाच्या प्रतिसादांची जागा आजही रिकामी आहे, आणि चूक माझी आहे.

याचा राग पेपरवर काढणं चूक ठरेल. त्यांनी हा दावा केलाच नव्हता. माझा राग नंतरच्या पेपरांवर आहे, आणि माझ्या त्या सिनॉप्सिसवरही. 'डाउनटाइम अमुक टक्क्यांनी कमी केला', आणि पुरावा म्हणून क्लाउडसिमचं सिम्युलेशन. मूळ क्लाउडसिमचं पॉवर पॅकेज उघडून बघा: स्थलांतराचा वेळ काढताना मेमरीला बँडविड्थच्या ठरावीक हिश्श्यानं भागलेलं आहे. पाऊस कुठेच नाही! २००५ च्या पेपरचा जीव ज्या मोजमापात होता तेच गाळायचं, आणि उल्लेख मात्र त्याच पेपरचा करायचा. सिम्युलेशन वाईट नाही, शंभर सर्व्हर आपल्याला कोण देणार? सर्व्हर कमी लागावेत म्हणून मशीन कुठे ठेवावीत, एवढाच प्रश्न असेल तर ते चालेलही. डाउनटाइमबद्दल मात्र त्याला विचारू नका.

आणि डाउनटाइम कोणाचा, हेही लिहा. ऑनलाईन दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन' एवढंच ऐकू येतं. मशीन ६० मिलीसेकंद थांबलं होतं की नंतर त्याचा पत्ताच सापडत नव्हता, त्याच्या दृष्टीनं फरक नाही. पेपरात मात्र पहिलंच मोजलं जातं.

दोन जुने लॅपटॉप, एक स्वस्त स्विच आणि केव्हीएम एवढ्यावर तुम्ही हे करून बघू शकता. एका मशीनमध्ये सतत मेमरीवर लिहिणारा छोटा प्रोग्राम चालवा आणि फेऱ्या मोजा. माझ्याकडे तिसऱ्या प्रयत्नात मायग्रेशन संपलंच नाही, शेवटी लाईट गेली तेव्हा थांबलं. पुढच्या वेळी पोस्ट-कॉपी घेऊ, तिथे लाईट गेली तर काय होतं ते जास्त गंभीर आहे.