‘कधी डुलकी लागली का?’ : एका सर्वेक्षणाची उलटतपासणी

प्रश्नावली बनवताय ना? मग मार्क रोजकाइंड आणि सहकाऱ्यांनी २००० साली नासासाठी केलेला एक अहवाल जरूर वाचा. विषय आहे कंपन्यांच्या स्वतःच्या विमानांवरच्या वैमानिकांचा थकवा. हे विभाग छोटे असतात. एक-दोन विमानं, मोजके वैमानिक आणि साहेब म्हणतील तेव्हा उड्डाण.

१,४८८ जणांनी १०७ प्रश्नांची उत्तरं दिली. थकवा नेहमीचाच, असं ६१ टक्के म्हणाले. ८५ टक्क्यांना तो सुरक्षेचा मध्यम किंवा गंभीर प्रश्न वाटला. आणि ७१ टक्क्यांनी उड्डाण चालू असताना कधीतरी डुलकी लागल्याचं कबूल केलं. स्वतःच्या नोकरीला अडचणीचं ठरेल असं उत्तर माणूस उगाच देत नाही, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

पण ७१ हाच आकडा डोक्यात राहतो आणि माझी हरकतही तिथेच आहे. या लोकांचा अशा विमानांवरचा अनुभव सरासरी १५ वर्षांच्या आसपास होता. १५ वर्षांत एकदा डुलकी लागलेला आणि दर आठवड्याला लागणारा, ‘कधीतरी’ या शब्दात दोघंही सारखेच. त्यातून प्रश्नाचं गांभीर्य कळतं, पण आणखी एक वैमानिक घ्यावा की नाही हे ठरत नाही. त्यासाठी किती वेळा आणि ड्यूटीच्या कितव्या तासाला, हे हवं. शिवाय फॉर्म भरला कोणी? वैतागलेल्यांनी आवर्जून भरला असेल, किंवा सगळ्यात दमलेल्यांना वेळच मिळाला नसेल. आकडा कुठल्या बाजूला झुकलाय हे बाहेरून सांगता येत नाही.

आता मनुष्यबळ कसं मोजतात ते बघा. समजा साहेब सकाळी मुंबईहून शिर्डीला दर्शनाला आले, मग नगरला मीटिंग, आणि परत निघाले रात्री दहाला. लॉगबुकात जेमतेम दीड तास उड्डाण. वैमानिक मात्र पहाटे चारपासून जागा. आपल्याकडे वर्षाला १,००० तास उड्डाणाची मर्यादा आहे. अशा नोकरीत तिच्या जवळपासही न जाता माणूस थकू शकतो. नुसते उड्डाणाचे तास मोजणारा मॅनेजर म्हणणार, माणसं भरपूर आहेत की!

मोठ्या एअरलाइनमध्ये माणसं कमी पडली की ते लपत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांना इंडिगोचं नियोजन पुरलं नाही आणि हजारो उड्डाणं रद्द झाली, सगळ्या देशाने पाहिलं. कंपनीच्या हँगरमध्ये मात्र उड्डाण रद्द होत नाही. तेच दोघं आणखी थोडं ताटकळतात.

ही चूक मीही केलीय. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी भिंगारहून पाथर्डी रस्त्यावरच्या ढाब्यांवर जाऊन ट्रकवाल्यांना विचारलं होतं, “रोज किती तास गाडी चालवता?” बहुतेकांनी आठ-नऊ सांगितले. आलेख छान आला, मार्कही मिळाले. एक काका तेवढे म्हणाले होते, “आन् माल उतरंपर्यंत गेटवर बसतो, ते कुठं लिहिलं बाळा?” तो रकानाच नव्हता.

तुमच्या प्रश्नावलीत ‘कधी’ असेल तिथे ‘गेल्या ३० दिवसांत किती वेळा’ घाला. आणि त्या दिवशी झोपेतून कधी उठलात, हेही विचारा. पान वाढलं म्हणून गाइड कुरकुरतील. कुरकुरू देत.