धंदेशिक्षण आणि आर्थिक विकास : फॉस्टर यांच्या निबंधाचा पुनर्विचार

शाळांतून शेती व हस्तव्यवसाय शिकविले की तरुण आपोआप तिकडे वळतील आणि देशाची संपत्ती वाढेल, ही समजूत जुनी आहे. फिलिप फॉस्टर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात घानाच्या अनुभवावरून तिला ‘भ्रम’ ठरविले. थॉमस बॅलॉग यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आफ्रिकेसाठी अशाच शिक्षणाचा पुरस्कार करीत असताना हे प्रतिपादन झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

फॉस्टर यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. गोल्ड कोस्टमधील वसाहतकालीन धंदेशिक्षणाचे प्रयोग वारंवार फसले, ते विद्यार्थ्यांना श्रमाचा तिटकारा होता म्हणून नव्हे. कारकुनीत वेतन व संधी अधिक होती. म्हणून पुस्तकी शिक्षण हेच त्यांच्या दृष्टीने खरे धंदेशिक्षण होते. शब्दाचा अर्थ कोशकार नव्हे, तर व्यवहार ठरवितो, याचेच हे उदाहरण होय. मराठीतील ‘कारकून’ व ‘कारागीर’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी फारसी ‘कार’, म्हणजे काम, हाच शब्द आहे. तथापि दोहोंची प्रतिष्ठा सारखी नाही. ही विषमता केवळ अभ्यासक्रम बदलून नाहीशी होत नाही. दक्षिण कोरियात १९७० नंतरच्या दशकात धंदेशिक्षणाचा विस्तार झाला, तो अवजड उद्योगांच्या उभारणीबरोबर. म्हणजे तेथे शिक्षणाला मागणीची जोड होती.

निदान असे अचूक असले, तरी उपाय अपुरा वाटतो. प्रशिक्षण शक्य तितके प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी व्हावे, असे फॉस्टर सुचवितात. परंतु जेथे मोठे कारखाने थोडे, तेथे शिकविणार कोण? कुमासी येथील सुआमे मॅगझिन या वाहनदुरुस्तीच्या विस्तीर्ण वस्तीत शिकाऊ मुले उस्तादाच्या हाताखाली तयार होतात. त्यांचा व्यवहार मुख्यतः त्वी भाषेत चालतो. देशाची राजभाषा मात्र इंग्रजी. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका अशा कारागिराच्या भाषेत नसेल, तर हाताचे कौशल्य पाहिलेल्या कामापुरतेच मर्यादित राहते. नव्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही. वेतनावर भर देणाऱ्या फॉस्टर यांच्या विवेचनात या अडथळ्याला पुरेसे स्थान मिळालेले नाही.

सारांश, धंदेशिक्षण विकासाला जन्म देत नाही; सुरू झालेल्या विकासाला ते बळ देऊ शकते. मात्र ते बळ लाभण्यासाठी कारागिराच्या कामाला योग्य मोल आणि त्याच्या भाषेला लेखी ज्ञानात स्थान, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.