पिस्त्रुच्चीचा घोडेस्वार

आपल्याकडे जुन्या घरांत ‘गिनी’ म्हणून जपलेले नाणे बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असते. त्यावर घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज असतो आणि सालाशेजारी ‘बी.पी.’ ही अक्षरे. भिंग घेतल्याशिवाय ती सहसा नजरेत भरत नाहीत. हा बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची. जन्म रोम, १७८३.

तो मुळात नाणेवाला नव्हताच. रंगीत थरांच्या दगडात उठावाची चित्रे, म्हणजे कॅमिओ, कोरणे हा त्याचा धंदा. १८१५ मध्ये तो लंडनला आला. तिथे पेन नाइट या संग्राहकाने प्राचीन म्हणून घेतलेला फ्लोराचा कॅमिओ आपणच कोरल्याचे त्याने सांगितले. नाइटने ते अखेरपर्यंत मानले नाही. टांकसाळीचा प्रमुख वेलस्ली पोल याने मात्र त्याला हाताशी धरले. त्याने जास्परमध्ये कोरलेला राजाचा चेहरा दुसऱ्याने पोलादात उतरवला, तो लोकांना रुचला नाही. मग पिस्त्रुच्ची स्वतःच पोलाद कोरायला शिकला.

१८१७ मध्ये मुख्य कोरीवकार थॉमस वायन वारला. काम पिस्त्रुच्चीकडे आले, पद आले नाही; तो परदेशी होता. १८२८ मध्ये विल्यम वायनला ते पद आणि याला ‘मुख्य पदककार’ असा तोडगा निघाला.

परक्यावरचा अन्याय एवढीच ही कथा, असे सहसा लिहितात. मला ते अर्धेच पटते. चौथ्या जॉर्जचे चँट्रीने घडवलेले शिल्प पाहून ठसा करायला त्याने नकार दिला. टांकसाळीत दुसऱ्याची नक्कल ही नोकरीच असते, आणि याचा पिंड एक दगड, एक हात असा. वॉटर्लूचे पदक त्याच पिंडाने रखडले. १८१९ ला हाती घेतले, १८४९ ला दिले. साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास व्यास! एवढा ठसा कडक करताना तडकेल म्हणून तो कडक केलाच नाही. ज्या राजांना पदक द्यायचे, त्यांतला एकही तोवर उरला नव्हता; वेलिंग्टन तेवढा होता.

सॉव्हरिनचा व्यास मात्र जेमतेम बावीस मिलिमीटर. माझ्या मते ह्या तोकड्या जागेनेच त्याला सावरले. स्वार जवळजवळ नग्न, तलवार ड्रॅगनपर्यंत पोचणार नाही इतकी आखूड, हे आक्षेप जुने आहेत आणि खरेही आहेत. पण घोड्याची मान, उडणारा झगा आणि खालचे वेटोळे एकाच वळणात फिरतात, तिथे तलवारीची लांबी कोण मोजतो? पदकावरच्या गर्दीत हे वळण मला कुठेच सापडत नाही.

१८२५ मध्ये हा स्वार सॉव्हरिनवरून काढला गेला, १८७१ मध्ये परतला. महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईच्या टांकसाळीत असे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पडले. त्यांवर सालाच्या वर इंडियाचा ‘आय’ आहे, आणि बाजूला ‘बी.पी.’ तसेच.