एक कोयता, दोन माणसे

'दारिद्र्याचे स्त्रीकरण' ही संज्ञा आपल्या अभ्यासलेखनात इतकी रुळली आहे, की ती तपासून घेण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायना पिअर्स यांनी १९७८ साली ती मांडली. अमेरिकेतील सोळा वर्षांवरील गरिबांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत, हे त्यांचे निरीक्षण. आणि त्यांच्या विवेचनाचा भर होता एकट्या बाईवर चालणाऱ्या घरांवर. तिथे ते योग्यच होते. पण हीच मोजपट्टी इकडे लावली, की नवरा असलेली, त्याच्या बरोबरीने राबणारी बाई तिच्यातून निसटते. बीडची ऊसतोड मजूर स्त्री ही अशीच निसटलेली आहे.

ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, 'कोयत्या'वर मोजतात. एक कोयता म्हणजे साधारणतः नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडी कारखान्याच्या वाटेला लागते. फडात मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, हे मुख्यतः बाईचे काम. स्वयंपाक, पाणी आणि मूल त्याच्या आधी व नंतर. मजुरी टनावर, तीही जोडीची. तिचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नसतो.

तिचे वेगळेपण हिशेबात उमटते ते 'खाड्या'पुरते. जोडीतल्या एकाने दिवस बुडवला, की दंड चढतो. पाळी आणि गर्भारपण यांची अशी रोख किंमत ठरते. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. तुलना ढोबळ धरली तरी अंतर बोलके आहे. कर्करोगाची घातलेली भीती, तळावर पाण्याची व न्हाणीघराची वानवा ही कारणे आहेतच. पण खाड्याची धास्ती त्यांच्यात मिसळलेली आहे.

हे सारे मागासलेपणाचे अवशेष म्हणून बाजूला सारता येत नाही. २०२१-२२ च्या हंगामात भारतातून सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली. जागतिक बाजारात उतरलेल्या या साखरेमागे आजही तोच कोयता आहे. जुनी उचलपद्धत नव्या बाजाराच्या आड आली नाही. स्वस्त आणि बांधलेली मजुरी म्हणून ती त्याच्या सोयीचीच ठरली.

आपली विकासाची आकडेवारीही याच चालीने जाते. दारिद्र्यरेषा कुटुंबाच्या खर्चावरून ठरते आणि घरात वाटणी समान होते असे गृहीत धरते. श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा कामातील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ प्रगती म्हणून सांगितली जाते. मात्र काम करणाऱ्या या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. एका हिशेबात बाईचे काम असून नाव नाही. दुसऱ्यात नाव आहे, पण दाम नाही.

सिल्व्हिया चँट यांनी पिअर्स यांच्या संज्ञेत केलेली दुरुस्ती इथे उपयोगी पडते. स्त्रियांच्या वाट्याला उत्पन्नाची तूट येते, त्याहून जास्त येते ती जबाबदारी, असे त्यांचे म्हणणे. कोयत्यावरची बाई उचल घेत नाही, पण फेडते.

म्हणूनच 'मजुरी तिच्या खात्यावर जमा करा' हा उपाय रास्त असला तरी पुरेसा नाही. टनाचा दर तोच राहिला आणि उचल डोक्यावर तशीच राहिली, तर तिच्या खात्यातले पैसेही मुकादमाकडेच जातील. कोयत्याची फोड करून दोन नावे, दोन मजुऱ्या लिहायला हव्यात. आणि त्याबरोबर खाडा बंद व्हायला हवा. दुखणाऱ्या शरीराला एका दिवसाची विश्रांती दंडाविना मिळते का, हा प्रश्न विकासाच्या कोणत्याही निर्देशांकाआधी विचारला पाहिजे.