गिडियन वेल्सची रोजनिशी : मूळ व मागाहून
अमेरिकेंतील यादवी युद्धांत (१८६१-६५) लिंकनचा आरमारमंत्री असलेला, वकिलीचें शिक्षण घेतलेला गिडियन वेल्स रोजनिशी लिहीत असे. ती १९११ सालीं तीन भागांत छापली गेली. परंतु वेल्सनें उत्तरवयांत केलेल्या दुरुस्त्या तींत मूळ मजकुरापासून निराळ्या दाखविल्या नव्हत्या. हॉवर्ड बील यांनीं १९२५ सालीं हा दोष उघड केला व १९६० च्या आवृत्तींत मूळ व भर वेगळी करून दिली. केवळ पहिल्या आवृत्तीवर विसंबणारा लेखक युद्धोत्तर मत युद्धकालीन साक्ष समजून बसेल. तथापि मागाहूनचा मजकूरही आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. वेल्सला आपलें कोणतें वाक्य पुढें खटकलें, याचा तो अस्सल पुरावा होय. यास्तव संग्राहकांनीं कागद छापतांना खाडाखोड गाळूं नये, अशी आमची विनंती आहे.