एका ओळीचं निरूपण

वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि चरणाचरणाने उलगडत जातो. लिनक्सवरची एक आज्ञा अशीच निवांत वाचण्याजोगी आहे. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावात सप्ताहाचं कीर्तन रंगलेलं असताना, मिक्सरची वायर लॅपटॉपला जोडून ती द्यायची. संगणकाला ती रोमन लिपीत लागते, उच्चार असा:

ए-रेकॉर्ड -एफ सीडी | ऑग-एन्क -ओ कीर्तन.ऑग -

पहिला चरण, ‘ए-रेकॉर्ड’, ऐकण्याचा. ‘सीडी’ या दोन अक्षरांत केवढं सामावलं आहे! सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, डावा-उजवा असे दोन्ही आवाज. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, तरच तो नाद पुन्हा उभा करता येतो.

मग ती उभी रेघ, पाइप. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये ती युनिक्समध्ये आणली. तिच्या दोन्ही बाजूंचे प्रोग्रॅम एकाच वेळी चालतात, तरी एकाला दुसऱ्याची ओळख नसते. लिनक्सवर या पाइपमध्ये एरवी 64 केबी मावतात. म्हणजे या आवाजाचा अर्धा सेकंदही नाही, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. पलीकडचा एन्कोडर, ऑग-एन्क, रेंगाळला की पाइप तुंबतो, साउंडकार्डाचा बफर भरून वाहतो आणि महाराजांचा शब्द कायमचा गळतो. कीर्तन कुणासाठी थांबत नाही. थेट ध्वनिमुद्रणाची सारी जोखीम या एका रेघेत आहे.

शेवटची एकटी आडवी रेघ ऑग-एन्कला सांगते: फाइल शोधू नको, वाहत येईल ते घे. एवढ्या थोडक्यात एवढं नेमकं सांगणं ही या ओळीची खरी श्रीमंती.

तासाभराच्या आवाजाचे सुमारे 635 एमबी ऑग-एन्कमधून पन्नासेक एमबीवर येतात. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक नाद त्याची ऑग व्हॉर्बिस पद्धत गाळून टाकते. बिटदर फार कमी ठेवला, तर टाळांची झणक आधी विस्कटते.

म्हणून जतनासाठी ऑग-एन्कच्या जागी फ्लॅक हा एन्कोडर घालावा आणि फाइलचं नाव बदलावं. पाइपच्या अलीकडचं एक अक्षरही हलत नाही. पाइपचं मोठेपण आहे ते इथेच. फ्लॅक जागा जास्त घेतो, पण काहीच गाळत नाही. गावातल्या जुन्या कीर्तनकारांचा आवाज आपल्याला एकदाच टिपता येतो. तो फ्लॅकमध्येच ठेवा. वाटायला लहान फाइल नंतर केव्हाही करता येते.