पित्याचा शब्द आणि कन्येचा नकार : कॅप्युलेट व कांचनभट

शेक्सपिअरची ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ (प्रथम मुद्रण 1597) ही शोकात्मिका आणि गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (1899) यांत प्रभावाचे नाते शोधण्याचे कारण नाही. तथापि दोन्ही नाटकांत मुलीचे लग्न ठरविणारा पिता हाच पेचप्रसंगाचा कर्ता असल्याने त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

कॅप्युलेट आरंभी उदार भासतो. ज्युलिएटची संमती मिळाल्यावाचून आपला होकार अपुरा आहे, असे तो पॅरिसला सांगतो. तिसऱ्या अंकात तिने प्रत्यक्ष नकार देताच मात्र तो तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर उपाशी मरू देण्याची धमकी देतो. संमतीला मान होता तो ती होकारार्थी असेल या गृहीतकावर. आई पाठ फिरवते, दाईही पॅरिसचीच शिफारस करते. पित्याचा धाक त्याच्या क्रोधात नसून घरातील प्रत्येकाचा आधार त्याच्या हाती असण्यात आहे.

कांचनभटाला असा उदारपणाचा मुखवटाही लागत नाही. वृद्ध भुजंगनाथाकडून मिळणाऱ्या पैशासाठी तो मुलीचा सौदा करतो. पत्नी इंदिराकाकूंचा विरोध त्याला रोखू शकत नाही. हे लग्न मोडते ते कोदंडाने वधूवर सगोत्र असल्याचे उघड केल्यामुळे. शारदेच्या नकाराने जे साधत नाही, ते गोत्राने साधते. पित्याहून वरचढ ठरते ते शास्त्र. कन्येचे मन नव्हे. म्हणूनच लग्न मोडल्यावरही ती जीव देण्यास निघते, आणि कोदंडाशी तिचा विवाह होण्यास पुन्हा धर्मपीठाचीच संमती लागते. गोत्रे भिन्न असती तर हा विवाह निर्वेध पार पडला असता, या जाणिवेत ‘शारदा’तील शोकात्म बीज आहे.

व्हेरोनात असा वरचा अधिकार पित्याला वेळीच अडवत नाही. कन्येच्या मृत्यूनंतर मॉन्टेग्यूचा हात हाती घेताना कॅप्युलेट जी भाषा वापरतो, ती विवाहात वधूला मिळणाऱ्या स्त्रीधनाची असते. पश्चात्तापातही व्यवहाराची परिभाषा सुटत नाही; येथे तो कांचनभटाच्या निकट येतो.

एका नाटकाचा शेवट थडग्यात, दुसऱ्याचा मंगल कार्यात. परंतु मुलीचे ‘नाही’ हे स्वबळावर पुरेसे ठरावे, अशी व्यवस्था दोन्ही संहितांत कोठेही नाही. या दृष्टीने ‘शारदा’चा सुखान्त हा प्रश्नाचा निकाल नसून त्याची तहकुबी ठरते.